वाकडी पाती

अणुभट्टीत इंधनाच्या कांड्यांची जुडी एका जाळीत उभी धरलेली असते. त्या जाळीला वाकडी पाती बसवली, की पाणी घुसळत वर जातं आणि कांड्यांची उष्णता झपाट्याने ओढून घेतं, हे अणुकेंद्रातल्या संशोधक बाईंनी नऊ वर्षं हाडाची काडं करून सिद्ध केलं होतं. निवृत्तीला महिना उरला होता. आज समितीने मान डोलावली तर जाळी भट्टीत जाणार, नाहीतर बाईंबरोबर तीही घरी.

देव भावाचा भुकेला, समिती सूचनांची!

"काम सोन्यासारखं आहे हो बाई," पंपवाले साहेब म्हणाले. "फक्त पाती पाण्याला फार अडवतात. निम्मी करा."

बाईंनी पडद्यावरच्या आकृतीत ती निम्मी केली.

"तरी कांड्या थरथरतील," कंपनांचे तज्ज्ञ म्हणाले. "वाकडेपणा काढा बघू."

बाईंनी पाती सरळ केली.

"मग एवढ्याशा सरळ तुकड्यांवर वेल्डिंग कशाला वाया घालवायचं?" कारखान्याचे प्रमुख कळवळले. "काढूनच टाका की!"

तीही निघाली.

"अहो साहेब, ही तर आपली जुनीच जाळी झाली!" बाईंना राहवेना.

"म्हणून तर भरवसा वाटतो," अध्यक्ष प्रसन्न हसले.



नवी जाळी एकमताने मंजूर झाली, आणि ती जुनीपेक्षा किती जास्त उष्णता ओढते याचा अहवाल बाईंनी निवृत्तीआधी द्यावा असं ठरलं.