चढावरचा हात

२०२३ सालचा डिसेंबर. पुणे परिसरातल्या पाच दिवसांच्या सायकल शर्यतीचा तिसरा दिवस. खडकवासल्याला अंतिम रेषा ओलांडून विक्रम सायकलवरून उतरला आणि रस्त्याकडेच्या झाडाला धरून भडाभडा ओकला.

संघाच्या प्रशिक्षक नम्रताबाई पाणी घेऊन धावल्या. मागून फैझल आला. त्याने दोघांच्याही सायकली कठड्याला टेकवल्या आणि दंड चोळत उभा राहिला.

"चढावर वारं फार होतं, मॅडम," एवढंच म्हणाला.

पिवळी जर्सी वाचली होती. एकूण वेळेत विक्रम सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या दिवसापर्यंत ती अंगावर राहिली, तर राष्ट्रीय शिबिरात त्याची निवड ठरलेली. बाईंनी उभं आयुष्य पोरं घडवण्यात घालवलं, पण त्यांच्या हाताखालचा एकही तिथवर पोचला नव्हता. फैझलकडून कोणाची अशी अपेक्षा नव्हती. मार्केट यार्डातल्या दादामियाँचा मुलगा. पहाटे बापाबरोबर फळांच्या पेट्या उतरवायचा, मग सरावाला यायचा, आणि शर्यतीत कायम कोणाच्या तरी मागे असायचा.

इतर दिवशी जो तो आपापल्या पायांवर. आजची शर्यत सांघिक. सगळ्यांनी मिळून जायचं, आळीपाळीने पुढे राहून वारा कापायचा, आणि घड्याळ थांबणार ते चौथ्या गड्याचं चाक रेषेवर आल्यावर. यांचा पाचवा आदल्या दिवशीच पडून जायबंदी झाला होता. उरले चार. कोणाला मागे टाकून यायची सोय नव्हती.

तासाभराने मुख्य पंच अनिरुद्ध यांनी सगळ्यांना तंबूत बोलावलं.

"बाई, आपल्या संघात दयाधर्म फार वाढलाय," ते म्हणाले आणि मोबाइल पुढे केला.

मागच्या गाडीतून कोणीतरी काढलेला फोटो. शेवटचा चढ. पुढे दोघं, मागे दोघं, आणि मागच्यांपैकी एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर. समोरून ऊन, त्यामुळे नुसत्या काळ्या आकृत्या. पिवळी जर्सीही ओळखू येईना, हेल्मेट तर सगळ्यांची एकच.

नियम साफ होता. ढकलणाऱ्याला ताकीद. ज्याला ढकललं, तो स्पर्धेतून बाद.

"पुढे मी आणि महिपती होतो," चौघांतला ऋषी म्हणाला. "मागे बघायला टाइम कोणाला होता? आणि सर, यात विचारायचंय काय?"

खरंच, विचारायचं काय होतं? विक्रम कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला होता. एवढा चढ, त्यात दुसऱ्याचं ओझं. पोरगं पार पिळून निघालं होतं. बाईंचा जीव तुटला.

त्या फैझलकडे वळल्या. "चढावर पाय गेले ना रे तुझे?"

फैझल विक्रमकडे बघत राहिला. विक्रमने मान वर केली नाही.

"जर्सी राहील ना, मॅडम?"

"त्याची राहील. तू बाद होशील."

"मग लिहा माझं नाव."

"चला," अनिरुद्ध म्हणाले, "निदान एकाला तरी खरं बोलायची लाज वाटत नाही."

विक्रम शर्यत जिंकला. गड्याला वाऱ्यावर न सोडणारा म्हणून त्याचं कौतुकही झालं. आयोजकांनी खिलाडूवृत्तीचं बक्षीस जाहीर केलं. ते घ्यायला तो मंचावर गेला नाही. पोट दुखतंय म्हणाला.

फेब्रुवारीत विश्रांतवाडीच्या एका सभागृहात बैठक झाली. सांघिक शर्यत ठेवायची की काढायची, एवढाच विषय. विजेता म्हणून विक्रमला बोलायला सांगितलं.

"काढून टाका," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "एकाच्या पायांची शिक्षा दुसऱ्याला का?"

टाळ्या पडल्या. बाई उठल्या.

"आम्ही चौघीजणी हडपसरहून कॉलेजला सायकलने यायचो. समोरचं वारं असलं की एकेकीने पुढे व्हायचं. ते कोणी शिकवलं नव्हतं हो. आता जो तो आपला वेग मनगटावर बघतो. एकट्यानेच पळायचं असेल, तर घरात व्यायामाची सायकल आणा, बाहेर कशाला पडता? चढावर विक्रमने केलं ते नियमाने चूक. पण तसं करावंसं वाटतं, ते याच शर्यतीत. ते काढाल, तर उरेल काय?"

विक्रम पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला, तो परत आला नाही.

बाई हरल्या. पुढच्या वर्षीपासून सांघिक शर्यत बंद झाली.

ऋषी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. महिपती अजून रविवारी सिंहगड चढतो. अनिरुद्ध राज्य संघटनेवर गेले आणि आता तिथल्यांना टोमणे मारतात. विक्रम शिबिरात गेला आणि दुसऱ्याच महिन्यात परतला. का, ते कोणालाच सांगितलं नाही. हल्ली तो बँकेत असतो आणि बसने जातो. फैझलने शर्यती सोडल्या. दादामियाँचे गुडघे गेल्यावर गाळा त्याने सांभाळला.

नम्रताबाईंनी शिकवणं थांबवलं. त्या पोराला मधल्यामधे बाद व्हावं लागलं, ही रुखरुख मात्र त्यांच्या मनातून जाईना. परवा त्या मार्केट यार्डात गेल्या. फैझलने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"विक्रमवर राग नाही ना धरलास?" त्यांनी शेवटी विचारलंच. "त्याने ढकललं नसतं, तर मागे पडला असतास, पण शर्यतीत तरी राहिला असतास."

"राग कसला, मॅडम," फैझल मोसंबी निवडून त्यांच्या पिशवीत टाकत म्हणाला. "मी ढकललं नसतं, तर विक्रम त्या चढावरच उतरला असता."