ठ ठकीचा

इस्पितळातली प्रार्थनेची खोली सगळ्या धर्मांची होती, म्हणून तिच्यात कुठलाच देव नव्हता. एका फळीवर पाच-सहा धर्मांचे ग्रंथ गुण्यागोविंदाने उभे होते. बाकी नुसत्या पांढऱ्या भिंती.

आजी दारातच थबकली. वरच्या मजल्यावर तिच्या तीन वर्षांच्या नातीच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू होती. लेक आणि जावई तिथे दाराशी बसून होते. “तुम्ही दोघी खाली जाऊन बसा जरा,” म्हणत लेकीने दोन्ही आज्यांना इकडे पिटाळलं होतं.

दुसरी आजी म्हणजे विहीणबाई, जावयाची आई. देश त्यांचा, धर्म वेगळा, आणि भाषा तर आजीला ओ की ठो कळत नव्हती. लग्नापासून दोघींचं हसण्यावर आणि चहा पुढे करण्यावर भागलं होतं.

विहीणबाईंनी डोक्यावरून रुमाल घेतला, जमिनीवर बसल्या आणि डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. आजी खुर्चीत टेकली. हात जोडायचे तर कुणाला? आपल्या देवाला इथे बोलावलं तर तो येईल का, आणि आलाच तर बसेल कुठे? तिला भयंकर भीती वाटत होती आणि एरवी तोंडपाठ असलेलं एकही स्तोत्र आठवत नव्हतं.

त्या पुटपुटण्यातला एक शब्द तिच्या कानावर आला. “तकी.” थोड्या वेळाने पुन्हा, “तकी.”

कागदोपत्री पोरीचं नाव काहीही असो, पाळण्यात होती तेव्हापासून ती ठकीच होती. नाव आजीनेच पाडलेलं. एरवी तिने हे कानाआड केलं असतं, पण आज चालणार नव्हतं. देव झाला तरी त्याच्यामागे जगभरातली पोरं. तकी नावाची भलतीच कोणी निघाली तर?

ती उठली, विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

“ठ,” ती म्हणाली. “त नव्हे. ठकी.”

विहीणबाईंनी डोळे उघडले. “थकी.”

“अहं. जीभ वर न्या. अशी.” आजीने आ करून जीभ टाळूला लावून दाखवली.

विहीणबाईंनी नीट पाहिलं. मग त्यांनीही आ केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“ठ... ठकी.”

“हां. आता बरोबर.”

विहीणबाईंनी मान डोलावली, डोळे मिटले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं. आजी तिथेच बसून राहिली, ठकी येईपर्यंत कान देऊन.