खाटेचं अंतर

मोरेश्वरला कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सांचा नाद. उल्हासनगरच्या दुकानदाराने ही रुंद लेन्स त्याच्या गळ्यात मारली आणि हा मात्र आपणच त्याला गंडवलं म्हणून खूश.

तिची रिंग हाताने फिरवावी लागे. चित्र स्पष्ट झालं की समोरच्याचं अंतर रिंगवर फुटांत वाचता येई.

कुळगावच्या त्यांच्या छोट्या खोलीत बायको रंजना आजारी पडून होती. तो रोज दुपारी दारातून तिचा फोटो काढायचा.

“अहो, गोळी द्यायला उशीर, फोटोला मात्र वेळेवर!” ती चिडवायची.

पहिल्या दिवशी रिंग सात फुटांवर थांबली. आठवड्याने नऊवर, मग पंधरावर. खाट हलली नव्हती. शेजारी म्हणून मीच टेप लावून पाहिली, सातच फूट.

“लेन्स बिघडली रे,” मी म्हणालो.

त्याने लेन्स खाटेमागच्या कॅलेंडरवर धरली. आठ फूट, अगदी बरोबर.

काल रिंग शेवटच्या खुणेपर्यंत गेली. तरी रंजना धूसरच.

मोरेश्वर कॅमेरा टाकून खाटेकडे धावला.

“अहो, लवकर या ना.” तिचा आवाज फार लांबून आला.

दारात उभा राहून मी त्याची पावलं मोजली. साठ झाली, तरी तो पोचला नव्हता.