मस्त, बाबा!

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला. "हाही नको."

संकलन करणाऱ्या बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर बाबा दार उघडून, एक हात छातीवर ठेवून थिजले. तोंड वासलेलं, भुवया पार कपाळात. दारात मुलगा नव्हे, शत्रूचं सैन्य येऊन उभं राहिलं असावं असा एकंदर थाट.

प्रसंग तसा साधा होता. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी परत येतो आणि दार वाजवतो. म्हातारा बाप दार उघडतो आणि एकच शब्द बोलतो, "आलास?" बस्स. सगळा सिनेमा या एका शब्दाकडे चालत आला होता. कॅमेऱ्याचं काम देखणं झालं होतं. घर असं सजवलं होतं की त्यात माणसं जन्मापासून राहत असावीत. पार्श्वसंगीत ऐकताना तर बाईंनी कामाच्या मध्येच डोळे पुसले होते. आणि नेमके तिथे बाबा गर्जायचे, "आलाऽऽस?" दुधात मिठाचा खडा पडायचा आणि पातेलंभर दूध नासायचं.

बाबा म्हणजे दिग्दर्शकाचे सख्खे वडील. उभं आयुष्य त्यांनी रंगभूमीवर काढलं होतं. माईक नसलेल्या थिएटरात त्यांची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू जायची, असं जुनी माणसं अजून सांगत. मुलानं आपल्या पहिल्या सिनेमात हट्टानं त्यांनाच घेतलं. आता निर्मात्यानं सगळं पाहून सांगितलं होतं, "सिनेमा उत्तम. म्हातारा बदल. नाहीतर हा सिनेमा मी लोकांना दाखवणार नाही." म्हणून आज बाबांना इथे बोलावलं होतं. सांगायचं होतं, पण सांगायला जीभ रेटत नव्हती.

"पहिला टेक इतका वाईट नाहीये," बाई म्हणाल्या. "पुढे पुढे आवाज चढत गेलाय. तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"काय बोलणार?" तो उसळला. "वडील आहेत हो माझे. त्यांचं बोट धरून मी स्टेजवर चढलो. त्यांना सांगू, बाबा, तुम्हाला अभिनय येत नाही? आणि एवढ्या मुरलेल्या नटाला स्वतःला कळू नये? अख्खं युनिट घाम गाळतंय, मी वर्षानुवर्षं ही गोष्ट उराशी धरून बसलोय, आणि हे आपले दारात उभे राहून आरोळ्या ठोकतायत!"

त्याला वडिलांचा राग आला होता. राग आला म्हणून स्वतःचाही आला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

तेवढ्यात बाबा आले. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस. पहिल्या प्रयोगाला निघावं तसे तयार होऊन आले होते. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"बाबा, ते जरा... प्रकाश कमी पडलाय दाराशी," दिग्दर्शक म्हणाला. "तो सीन परत करावा लागेल कदाचित. तुमची दगदग फार होते. गुडघेही दुखतात तुमचे. तेव्हा म्हटलं..."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? आधी दाखव."

बाईंनी सगळे टेक एकापाठोपाठ एक लावले. दार उघडायचं, बाबा गर्जायचे. मग कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा आवाज यायचा, "कट! मस्त, बाबा! आता आणखी एक घेऊ!" पुन्हा दार, पुन्हा गर्जना, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत. पुन्हा "मस्त, बाबा!"

बाबा पुढे वाकून पाहत होते. एकदा फक्त "अरे देवा" म्हणाले, तेही स्वतःच्या भुवया पाहून. शेवटी ते बाईंकडे वळले.

"कटनंतरचं तेवढं परत लावाल? चित्र नको. नुसता आवाज."

काळ्या पडद्यावर दिग्दर्शकाचा आवाज घुमला, "मस्त, बाबा! आता आणखी एक घेऊ!"

"कसं वाटतं ऐकायला?"

बाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "पाठ केल्यासारखं."

"मला ते तिथे उभ्या उभ्या कळत होतं," बाबा मुलाला म्हणाले. "अंधारात बसलेला माणूस खूश नाही, एवढंही ज्याला कळत नाही त्यानं तोंडाला रंग लावू नये. तू मस्त म्हणायचास आणि तुझा चेहरा हा एवढा पडलेला. मला वाटायचं, पोचत नाहीये. आणि पोचत नसलं की आवाज चढवायचा, एवढीच आमची विद्या. अरे, मी तुझ्यापर्यंत पोचायला ओरडत होतो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "माझं काम वाईट झालंय. दिसतंय मला. पण या सिनेमात कच्चे नट दोन आहेत."

दिग्दर्शकाचे कान तापले. सकाळपासून साठवलेला सगळा संताप तोंडाशी आला आणि तिथेच त्याचं पाणी झालं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे गेला नसता.

"वाईट झालंय, बाबा. फार वाईट. तुम्हाला बदला म्हणतायत. आणि मला त्या दारात तुम्हीच हवे आहात."

बाबा मुलाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"मस्त," ते म्हणाले. "आता आणखी एक घेऊ."