पाऊण मिनिट

बेसबॉल लीगचं पत्र पुरतं वाचून होण्याआधीच गॅरेट स्टोडोलाने ते चुरगाळून भिंतीवर फेकलं.

"ऐंशी सामने! अर्धा हंगाम बाहेर! आणि कशासाठी, तर ज्या औषधाचं नावही मला धड घेता येत नाही त्याच्यासाठी!"

त्याचा धाकटा भाऊ लाइल अंडी परतत होता. शाळेत व्यायाम शिकवणारा, बिअरचा घोटही न घेणारा माणूस. त्याने शेगडी बंद केली.

"गॅर, शिक्षा भोगून मोकळा हो. ऑगस्टमध्ये परत मैदानात असशील."

"तू तर तोंडच उघडू नकोस."

लाइलने अंडी ताटलीत काढली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेपरात गॅरेटचे दोन फोटो शेजारी शेजारी आले, पहिल्या हंगामातले बारीक दंड आणि आताचे फुगलेले. रेडिओवर लोक फोन करून त्याला शिव्या घालू लागले. त्याच्या नावाचे शर्ट घालणाऱ्यांनी ते स्टेडियमच्या दारात जाळले. क्लबने दोन ओळींचं निवेदन काढलं आणि त्याच्या फोटोचा मोठा फलक उतरवला.

वकिलाने सुचवलं की माफी मागा, डोळ्यांत पाणी आणा, लोक विसरतात. गॅरेटने तो वकीलच बदलला. नवी वकील होती रोझलिन क्विंट. बुटकी, घोगऱ्या आवाजाची, समोरच्याला अर्ध्यात तोडणारी. तिने खुर्चीत बसण्याआधीच विचारलं, "घेतलं होतंत?"

"नाही. ते औषध माझ्या अंगात कधी गेलेलंच नाही. आईच्या थडग्यावर हात ठेवून सांगतो. कुणीतरी मला फसवलंय, आणि त्याचा गळा धरावासा वाटतोय मला."

तीस वर्षं अशिलांच्या थापा ऐकून तिचे कान तयार झाले होते. ही थाप नव्हती.

"मग लढू," ती म्हणाली.

तिने त्याला टीव्हीवर खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. हे औषध घेतलंस का, असं तीनदा विचारलं गेलं. तीनदा तो नाही म्हणाला, आणि काटा जागचा हलला नाही. त्या संध्याकाळपासून वारं फिरायला लागलं. जो स्तंभलेखक त्याला भामटा म्हणाला होता, त्याने लीगच्या कारभारावर बोट ठेवलं.

सुनावणी न्यूयॉर्कमध्ये होती. चाचणीसाठी लघवीचा नमुना घेणारा हार्लन बीमर साक्षीला आला. सहासष्ट वर्षांचा, बावीस वर्षं हेच काम केलेला, इस्त्रीचा कोट घातलेला.

"नमुना घेताना तुमची नजर खेळाडूवरून हटली होती?" रोझलिनने विचारलं.

बीमर घुटमळला. "बायको इस्पितळात होती. फोन आला. पाऊण मिनिट पाठ फिरवली असेन."

"टेबलावर बाटल्या किती होत्या?"

"चार. पण याची बाटली मी याच्यासमोरच बंद केली, मॅडम. त्यावर याची सही आहे."

"पाऊण मिनिटात कुठली बाटली कुठे गेली, शपथेवर सांगू शकाल?"

म्हातारा कपाळ पुसत राहिला. 

मग लीगच्या वकिलाने शेवटचा घाव घातला. "एवढी खात्री असेल तर त्या नमुन्याची डीएनए चाचणी होऊ दे. तो यांचाच निघेल, विषय संपेल."

रोझलिन खुशीत गॅरेटकडे वळली. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"का? माझा शब्द पुरत नाही? चोरासारखी थुंकी देऊ?"

"गॅरेट," ती दबक्या आवाजात म्हणाली, "लवाद बघतोय. नाही म्हणालात तर आत्ताच हरलात."

त्याने मागच्या बाकावर बसलेल्या लाइलकडे पाहिलं. लाइलची मान खाली होती. गॅरेटने कागदावर सही केली, पेनाचं टोक मोडेल इतकी दाबून.

नऊ दिवसांनी अहवाल आला. नमुना गॅरेट स्टोडोलाचा नव्हता.

रोझलिनने टेबलावर मूठ आपटली. बाटल्यांची अदलाबदल झाल्याचं लवादाने मान्य केलं. बंदी उठली. क्लबच्या मालकाने स्वतः फोन केला, फलक पुन्हा चढला, पेपरांनी पहिल्या पानावर दिलगिरी छापली. त्याच दुपारी बीमरला कामावरून काढलं.

लवादाच्या इमारतीच्या मार्गिकेत तो गॅरेटची वाट बघत उभा होता. हातात टोपी.

"पोरा, मी रोज रात्री ते पाऊण मिनिट आठवतो. बाटल्या हलवल्याचं काही केल्या आठवत नाही. पण अहवाल खोटं कशाला सांगेल? माझ्यामुळे तुझं नाव गेलं. मला माफ कर."

कॅमेरे सरसावले. गॅरेटने हात पुढे केला, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.  एक पत्रकार बाई डोळे पुसू लागली.

गॅरेट तडक गाडीत जाऊन बसला. लाइल स्टिअरिंगवर होता. गॅरेटने काच वर केली, दार बंद झाल्याची खात्री करून घेतली, आणि दोन महिने आवरलेला हात भावाच्या कॉलरला घातला.

"माझ्या सुया लपवायला मी तुझं मूत्र ओतलं होतं त्या बाटलीत. तूही सुया घेतोस, हे एकदा तरी सांगायचंस, हरामखोरा!"