पहिली कोण बसली?

"पहिली कोण बसली? तेवढं नाव सांगा, मी जातो," अमरसिंग जमादार तिसऱ्यांदा म्हणाले.

बाभुळगावच्या रस्त्यावर दीडेकशे बाया मांडी घालून बसल्या होत्या. मागं कापसाच्या बैलगाड्यांची रांग, पुढं खरेदी केंद्राचं बंद फाटक. प्रत तपासणारा ग्रेडर चार दिवस आला नव्हता, म्हणून काटा बंद. नुसतं 'उद्या या'.

कोणी सभा बोलावली नव्हती. भोंगा नाही, झेंडा नाही, पुढारी तर औषधालाही नाही. सकाळी साधनाची गाडी रस्त्यात आडवी झाली, ती लेकीला मांडीवर घेऊन चाकाशी बसली आणि बघता बघता रस्ता भरला.

"नेत्याबिगर आंदोलन होते का कुठं?" जमादार साधनाला लागून बसलेल्या बेबीताईंना म्हणाले.

"साहेबाले नेता पायजे असन त भिंतीवरच्या फोटोतला काढून न्या!"

बाया खदखदल्या.

"मंग तुम्ही काहून बसल्या?"

"साधना बसली म्हून. अंगावर पाजणाऱ्या बाईजवळ बाई बसतेच, भाऊ. पदराचा आडोसा लागते."

"आन् ह्या बाकीच्या?"

"मी बसली म्हून!"

साधनानं मान खाली घातली. पहिली बसली तिच्यावर गुन्हा दाखल होणार, असं जमादारांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. गुन्हा म्हणजे ठाणं, आणि लेक जेमतेम पाच महिन्यांची. खरं सांगून टाकावं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं. पण इतक्या बाया आपल्या भरवशावर उन्हात बसलेल्या; तिनं लेकीला पुन्हा पदराखाली घेतलं.

दुपारी तुळसाबाई टोपलंभर भाकरी घेऊन आली. ठेचा फिरला. जमादारांच्याही हातावर अर्धी भाकरी पडली. मोसम नसताना भुलाबाईची गाणी सुरू झाली. बाळाचं टोपडं या मांडीवरून त्या मांडीवर, आणि टोपड्यातलं बाळही.

तीन वाजता ठाण्याचे साहेब जीपमधून उतरले. "नाव मिळालं?"

साधना उठू लागली. बेबीताईंनी तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. "मी बसली पहिली!"

"नाई, मी!" मागून कोणी ओरडलं.

"मी!"

"मी त कालपासूनच बसून राह्यली!" दुपारी आलेली तुळसाबाई सगळ्यांच्या वर ओरडली.

जमादारांची पेन्सिल थांबली. साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, मग आपल्या एकुलत्या एक जीपकडे पाहिलं, आणि त्यांनाच हसू आवरेना. ते फाटकाशेजारच्या लहान दारातून आत गेले. आत बराच वेळ फोन चालला. तासाभरात ग्रेडर आला. फाटक करकरत उघडलं.

बायांनी कापूस मुठी भरभरून उधळला. बेबीताईंच्या केसांत, जमादारांच्या टोपीवर, बाळाच्या नाकावर. बाळ शिंकलं.

"पयली गाडी साधनाची!" सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

गाडीला वाट करून देता देता अमरसिंग जमादारांनी वही खिशात घातली आणि हळूच विचारलं, "आता लिहीत नाई, बहिणी. खरं सांग, कोणाच्या सांगण्यावरून गाडी आडवी लावली?"

"कोणाच्याच नाई, भाऊ," साधना लाजत म्हणाली. "मी त कंटाळून घरी चालली होती. गाडी वळवता वळवता बैल बसला, उठेच ना. म्हटलं, तवर पोरीले पाजून घ्यावं."