डावा गुडघा

दुकानदाराने मधलं पेडल दाबलं, सूर अलगद वर चढला, आणि समोर खुर्चीत बसलेल्या बाबांनी तोंड फिरवलं.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. तेहेतीस वर्षं हिच्या मागे बसलो. समोरून कधी ऐकलीच नव्हती."

ती म्हणजे गिटार. टेबलासारखी चार पायांवर आडवी उभी. वर दहा तारा, त्यांवर फिरवायची पोलादी कांडी, खाली तीन पेडलं. पेडल दाबलं की पोटातली सळई ओढली जाते, तार ताणली जाते आणि सूर जागच्या जागी वाकतो. गुडघ्याने ढकलायचे दोन लिव्हरही होते, पण खरा कारभार डाव्या पावलाचा. नेमकं तेच पाऊल आठ महिन्यांपूर्वी मधुमेहाने खाल्लं. गुडघ्याखाली वीतभर सोडून डॉक्टरांनी पाय काढला.

कृत्रिम पाय आल्यावर बाबांनी प्रयत्न करून पाहिला होता. रबरी पाऊल दोन पेडलांवर एकदम पडायचं आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी गिटारवर चादर टाकली. काल सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "घरात प्रेत झाकून ठेवल्यासारखं वाटतं. विकून टाकू."

लेक शिलाई मशीनच्या कारखान्यात फिटर होती. बापाशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे ती लहानपणीच शिकली होती. तिने गिटार गाडीत घातली आणि दोघं जुन्या वाद्यांच्या या दुकानात आली.

दुकानदार सरळ माणूस होता. भाव सांगण्याआधी त्याने आपल्याकडची दुसरी गिटार शेजारी मांडली. त्याच कंपनीची, बाबांच्या गिटारपेक्षा पंधरा वर्षांनी धाकटी, गुडघ्याला पाच लिव्हर असलेली. मग तो एकच चाल आलटून पालटून दोन्हींवर वाजवू लागला.

"तुमचीचं पेडल फुगलेल्या दारासारखं आहे," तो म्हणाला.

"ते दाबायचं नसतं. त्यावर पायाचं वजन सोडायचं असतं," बाबा म्हणाले. नको नको म्हणत त्यांच्यातला वादक जागा झाला होता. "तुमचीचं लोण्यासारखं आहे खरं. पण आवाज बघा. डब्यावर चमचा वाजवल्यासारखा."

दुकानदार हसला. "कबूल. आवाज तुमचीचा, यंत्र माझीचं."

लेकीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती बाबांच्या पायाकडे बघत होती. दुकानदार जुन्या गिटारचं पेडल दाबायचा, त्याच्या किंचित आधी बाबांचा डावा गुडघा बाहेर झुकायचा. दर वेळी.

"बाबा, गुडघा का हलवताय?"

"कुठे हलवतोय?"

तिने दुकानदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने पुन्हा चाल धरली आणि ऐन चढावर हात उचलला. सूर आलाच नाही. गुडघा मात्र गेला. सुराशिवाय एकटाच बाहेर झुकला आणि परत आला.

बाबा आपल्याच पायाकडे परक्यासारखे बघत राहिले.

"पाऊल गेलं," लेक म्हणाली. "हा अजून कामावर आहे. मधल्या पेडलच्या सळया काढून गुडघ्याच्या लिव्हरला जोडते. चालेल?"

"ताई, मूळ बनावटीला हात लावलात की भाव निम्म्यावर येतो," दुकानदाराने सांगितलं. "नंतर मला बोलायचं नाही."

ती बाबांकडे बघत थांबली. बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "काढ."

ती गिटारखाली उताणी शिरली. तिला तिथे नवल वाटावं असं काही नव्हतं. सळया, बिजागऱ्या, स्प्रिंगा, रोजचंच गणगोत. तासाभराने ती काळ्या हातांनी बाहेर आली. बाबांना आधार देऊन तिने गिटारमागच्या स्टुलावर बसवलं.

त्यांनी कांडी तारांवर ठेवली, गुडघा ढकलला. सूर वर जाऊन बेसूर झाला. तिने खाली वाकून स्क्रू अर्धा फेरा सैल केला. आता सूर पोचलाच नाही. बाबांनी दात-ओठ खाल्ले. "राहू दे. म्हाताऱ्याचे नाही ते लाड."

"गप्प बसा हो," ती खालूनच म्हणाली आणि स्क्रू पाव फेरा आवळला.

तिसऱ्यांदा सूर उठला. जाडसर, ओलसर, घाई न करता वर चढला आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबला. बाबांनी तो संपेपर्यंत श्वास रोखला. मग पुन्हा वाजवला. मग त्यापुढचा. मग चालच धरली, आणि धरली ती सोडेनात. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहिला. लेक जमिनीवरून उठलीच नाही. तिथूनच तिला तो गुडघा दिसत होता, आणि आता तो नुसता हवेत झुकत नव्हता.

बाबा थांबले तेव्हा त्यांची कॉलर घामाने भिजली होती.

"हे एका पेडलचं झालं," लेक हात पुसत म्हणाली. "बाकी दोन पेडलांसाठी आणखी लिव्हर लागतील. तेही याच जातीचे."

तिघांची नजर शेजारच्या धाकट्या गिटारवर गेली.

दुकानदाराने घसा साफ केला. "मग मास्तर, आपल्या सौद्याचं काय करायचं?"

"करायचा की," बाबा म्हणाले. "ती तुमची पाच लिव्हरवाली उचला आणि हिच्या शेजारी आमच्या गाडीत ठेवा."